सात रात्री तुझ्या, सात माझ्या. पण लक्षात कोणी ठेवायचं?

घटस्फोटानंतर साडेतीन वर्षांत मुलांच्या ताब्याच्या तीन वेगवेगळ्या व्यवस्थांमधून गेलेल्या एका आईचं हे प्रकरण आहे. या काळात मी या कुटुंबाबरोबर समुपदेशक म्हणून काम केलं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, काही बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत. आई, बाबा, मुलगी आणि मुलगा, एवढंच पुरे आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. या घरात मारहाण नव्हती, धाकदपटशा नव्हता, व्यसन नव्हतं. जिथे ते असतं तिथे पुढे लिहिलेलं काहीही लागू करू नये. तिथे पहिला प्रश्न सुरक्षिततेचा असतो, वाटणीचा नाही. ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये आईवडिलांची जबाबदारी समसमान आहे असं गृहीत धरून सुरुवात करायची, असा कायदा केला. हिंसेच्या प्रकरणांना त्यात अपवाद होता, तरी या गृहीतकाबद्दल तक्रारी येत राहिल्या. पुढे कायद्यात बदल होऊन मे 2024 पासून ते गृहीतक निघालं. समान वाटणी ऐकायला न्याय्य वाटते, पण ती सरसकट लावायची गोष्ट नाही, हे एका देशाला कळायला अठरा वर्षं लागली.

कागदावरच्या चार खुणा

ती पहिल्यांदा आली तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती, मुलगा साडेतीन. लग्नाला अकरा वर्षं झालेली. दोघंही नोकरी करणारे. वेगळं व्हायचं, यावर दोघांचं एकमत झालं होतं आणि त्यात फारशी कटुताही नव्हती. मुलांचा विषय निघाला की मात्र दोघांचे आवाज चढायचे.

तिने पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. मुलांसाठी करायच्या कामांची यादी होती. लसीची तारीख, शाळेतल्या सूचना, कोणत्या मैत्रिणीशी भांडण चालू आहे, कोणतं औषध घेतल्यावर धाकट्याला पुरळ येतं, बुटांचा सध्याचा नंबर. एकूण एकतीस कामं. ज्या कामांची बाबांना माहिती होती त्यांच्यापुढे तिने खूण केली होती. खुणा चार होत्या.

"मॅडम, तो वाईट बाप नाही," ती म्हणाली. "मुलं त्याच्या अंगाखांद्यावर असतात. पण त्याला काही माहीतच नाही. निम्मा वेळ मुलं त्याच्याकडे राहिली तर निम्मा वेळ त्यांचं काय होणार?"

मी कागद घेतला, फाइलला लावला आणि विचारलं, "दोन आठवड्यांत मुलांनी किती रात्री कोणाकडे राहावं असं तुम्हाला वाटतं?"

तेव्हा हा प्रश्न मला अगदी नेमका वाटला होता. वकील तोच विचारतात, न्यायालय तोच विचारतं. पण तिने ज्या गोष्टीची भीती सांगितली तिच्याबद्दल मी काहीच विचारलं नाही. उत्तर फाइलमध्ये लावलेलं असताना आम्ही जवळजवळ दीड वर्ष रात्रींची गणितं मांडत राहिलो.

ताब्याचे दोन भाग असतात आणि बोलताना ते नेहमी एकमेकांत मिसळतात. पहिला, निर्णयाचा: शाळा कोणती, उपचार कोणते, परदेशी न्यायचं का. दुसरा, मुक्कामाचा: मूल राहतं कुठे. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे आणि मुक्काम एकाकडेच, असं होऊ शकतं आणि पुष्कळदा होतं. या दोघांनी निर्णयांचा अधिकार पहिल्याच बैठकीत सामाईक ठेवला. त्यावर वादच नव्हता. वाद होता तो मुक्कामाचा. आणि तिसरा जो भाग असतो, म्हणजे या सगळ्याची आठवण कोण ठेवणार, त्याला कुठल्याच अर्जात रकाना नसतो.

पहिली व्यवस्था: घरटं

मुलांना सामान घेऊन फिरायला लागू नये, ही आईची पहिली अट. बाबांनाही ती पटली. म्हणून ठरलं की मुलं आहे त्याच घरात राहतील आणि आईबाबा आळीपाळीने तिथे येऊन राहतील. पिल्लं घरट्यात आणि पाखरं ये-जा करणारी, म्हणून याला घरटं पद्धत म्हणतात. आठवडा तिचा, आठवडा त्याचा. आपला आठवडा नसेल तेव्हा ती बहिणीकडे राहायची, तो एका मित्राबरोबर भाड्याच्या खोलीत.

मुलांना पहिले दोन महिने हे छान मानवलं. स्वतःची खोली, स्वतःचा पलंग, तीच खिडकी. मुलगी एकदा मला म्हणाली, "आम्ही कुठे गेलोच नाही, तेच जातात." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

आईचं मात्र हळूहळू काहीतरी बिघडत चाललं होतं. बाहेरचा आठवडा संपवून ती घरी यायची तेव्हा घर तिचं नसायचं. मशीनमध्ये तसेच राहिलेले ओले कपडे, संपलेला साबण, शाळेची सही न झालेली चिठ्ठी. रविवारी रात्री ती घरात पाऊल टाकायची आणि मागच्या सात दिवसांची राहिलेली कामं उपसायला घ्यायची. वेगळं होऊनही ती त्याचा पसारा आवरत होती. "लग्नात निदान भांडता तरी येत होतं," असं ती म्हणाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. बाबांचीही एक बाजू होती आणि ती मी ऐकली. आपण आवरलेलं तिला कधीच पुरेसं वाटत नाही, म्हणून त्याने आवरणंच सोडलं होतं.

पाचव्या महिन्यात एक प्रसंग घडला. कपाट लावताना तिला खालच्या कप्प्यात एका अनोळखी स्त्रीची ओढणी सापडली. त्याने कोणाला भेटावं, यावर तिचा आक्षेप नव्हता. पण आपण झोपतो त्या खोलीत ती येऊन गेली, हे तिला सहन झालं नाही. त्या आठवड्यात घरटं मोडलं.

घरटं पद्धत मला आजही वाईट वाटत नाही. थोड्या काळासाठी, पहिला धक्का ओसरेपर्यंत, ती मुलांना खरोखर आधार देते. पण तिला दोन गोष्टी लागतात. एक, कधी थांबायचं याची तारीख. दोन, घर कसं सोडून जायचं याचा लेखी करार. आम्ही दोन्हीपैकी काहीच केलं नव्हतं.

दुसरी व्यवस्था: चौदापैकी बारा

मग आईने वेगळं घर घेतलं आणि मुलं तिच्याकडे राहायला आली. बाबांकडे एकाआड एक शनिवार-रविवार: शुक्रवारी संध्याकाळी न्यायचं, रविवारी संध्याकाळी आणून सोडायचं. चौदापैकी बारा रात्री तिच्याकडे, दोन त्याच्याकडे. वर्षाला बावन्न.

हा बावन्नचा आकडा साधा नाही. ब्रिटनच्या नियमांत मूल वर्षाला 52 रात्री दुसऱ्या पालकाकडे राहिलं की त्याने द्यायच्या निर्वाह रकमेत एक सप्तमांश कपात होते आणि रात्री वाढल्या की कपातही वाढत जाते. इतरही अनेक ठिकाणी रक्कम रात्रींशी बांधलेली असते. त्यामुळे "मला मुलं आणखी दोन रात्री हवीत" या वाक्यात प्रेम किती आणि पैसा किती, असा संशय समोरच्याला येतोच. या जोडप्यातही आला. बाबांनी जास्त दिवस मागितले तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "पैसे कमी द्यायचे असतील." ते खरं नव्हतं, हे पुढे दिसलं. पण त्या वाक्याने सहा महिने खाल्ले.

ही व्यवस्था चौदा महिने चालली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, आईला हवं ते मिळालं. मुलं तिच्याजवळ होती, सगळं तिच्या नजरेखाली होतं. ती मात्र या काळात सर्वांत जास्त खचली.

अभ्यासाला बसवणारी ती, झोपायला लावणारी ती, नाही म्हणणारी ती. बाबा दोन आठवड्यांतून एकदा उगवायचे आणि दोन दिवस नुसती मजा. मुलगा रविवारी रात्री परत आला की तिच्याशीच भांडायचा. "तू मला कधीच हसवत नाहीस," असं साडेचार वर्षांच्या मुलाने तिला सांगितलं. ती मला म्हणाली, "मला वेळ कुठे आहे हो हसवायला?"

या रविवारच्या संध्याकाळबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. सात वाजता बेल वाजायची. मुलगा बाबांच्या पायाला मिठी मारून उभा असायचा. मुलगी दोघांच्या मधून सरळ आत जायची, बूट न काढता, कोणाकडेही न बघता. दारात उभं राहून आई विचारायची, "औषध दिलंस?" बाबा म्हणायचे, "कुठलं औषध?" तिथून सुरू व्हायचं. आवाज वाढत नसत, उलट दोघंही मुलांसमोर अगदी हळू बोलत. मुलीने मला नंतर सांगितलं, "ते हळू बोलायला लागले की माझ्या पोटात दुखतं."

मुलगी या काळात एक वही बाळगत होती. आईला वाटलं रोजनिशी असेल, म्हणून तिने ती कधी उघडली नाही. एकदा मुलीनेच ती मला दाखवली. डाव्या पानावर 'आई', उजव्या पानावर 'बाबा', आणि खाली वस्तूंची यादी. निळा स्वेटर: बाबा. कंपास: आई. धाकट्याचा ससा: बाबा, त्यावर काट, मग आई. भावाचा ससा राहून गेला की तो रात्री झोपत नाही आणि मग आईबाबांचं फोनवर होतं, म्हणून ससा कुठे आहे ते तिने लिहून ठेवायला सुरुवात केली होती. नऊ वर्षांची पोर दोन घरांचा हिशेब सांभाळत होती. मी ती वही बघितली आणि फाइलमधला एकतीस कामांचा तो कागद मला आठवला. जे काम आम्ही मोठ्यांनी वाटून घेतलं नव्हतं ते खाली घरंगळत मुलीकडे आलं होतं.

मधला झगडा

बाबांनी निम्मा ताबा मागायचं ठरवलं. वकिलाची नोटीस आली. आई हादरली. तिच्या मनात "मुलं काढून घेतायत" एवढं एकच वाक्य होतं.

त्या भीतीला इतिहास आहे आणि तो मी तिला सांगितला होता. एके काळी विवाहातून झालेल्या मुलांवर कायद्याने हक्क बापाचाच असे. इंग्लंडमध्ये कॅरोलिन नॉर्टन या बाईची तीन मुलं नवऱ्याने नेली आणि तिला भेटूही देईना. तिने लिहून लिहून, खासदारांच्या मागे लागून 1839 चा कायदा होण्यास मोठा हातभार लावला. त्या कायद्याने आईला सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागता येऊ लागला आणि मोठ्या मुलांना भेटण्याची परवानगीही. नुसता अर्ज करण्याचा हा हक्कसुद्धा भांडून घ्यावा लागला आहे. पुढे लहान मूल आईकडेच हवं, हा विचार रुजला. आणि संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर आईवडील दोघांशी नियमित संबंध ठेवणं, हा हक्क मुलाचा म्हणून लिहिला गेला. हक्क बापाकडून आईकडे आणि मग मुलाकडे सरकत आला.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी हरणार." मी म्हटलं, "हे खटल्यासारखं लढलात तर कोणीतरी हरेलच."

मध्यस्थीला बसण्यासाठी दोघांचं मन वळवायला मला तीन आठवडे लागले. त्या वेळी मी त्यांना रॉबर्ट एमरी या मानसशास्त्रज्ञाच्या अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. ताब्यासाठी न्यायालयात आलेल्या कुटुंबांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं मध्यस्थीकडे पाठवलं, काहींना नेहमीच्या लढाईत राहू दिलं. मध्यस्थी सरासरी पाच-सहा तासांची. बारा वर्षांनी पाहिलं तेव्हा वेगळं राहणाऱ्या पालकांपैकी मध्यस्थीच्या गटातले 28 टक्के मुलांना दर आठवड्याला प्रत्यक्ष भेटत होते, दुसऱ्या गटातले 9 टक्के. हा आकडा ऐकून बाबा गप्प झाले. आईने विचारलं, "पाच तासांत एवढं होतं?" आमच्याकडे अकरा तास लागले.

तिसरी व्यवस्था: दोन-दोन-पाच-पाच

मध्यस्थीतून ठरलं ते असं. सोमवार-मंगळवारच्या रात्री कायम आईकडे. बुधवार-गुरुवारच्या कायम बाबांकडे. शुक्रवार, शनिवार, रविवार आळीपाळीने. चौदा दिवसांत सात-सात रात्री होतात आणि सलग पाच रात्रींपेक्षा जास्त ताटातूट होत नाही. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. सलग सात रात्री त्याच्यासाठी लांबल्या असत्या, असं मला वाटलं. वार ठरलेले असल्यामुळे शाळेलाही सोपं.

सगळ्यांत मोठा फरक एका छोट्या बदलाने पडला. मुलांची अदलाबदल दारात करायचीच नाही. एकाने सकाळी शाळेत सोडायचं, दुसऱ्याने दुपारी शाळेतून घ्यायचं. मध्ये शाळेचे सहा तास. रविवारची बेल बंद झाली. ससा शाळेच्या दप्तरात बसू लागला आणि महिन्याभरात बाबांनी तसाच दुसरा ससा आणला. मुलाने तो नाकारला, कारण त्याला वास नव्हता. ससा दप्तरातूनच ये-जा करत राहिला.

आईचा पहिला मोकळा शुक्रवार तिने मला जसा सांगितला तसा लिहिते. ती घरी आली. सवयीने दार हळू उघडलं, धाकटा झोपलेला असेल म्हणून. मुलांच्या खोलीत गेली आणि घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातले. मग मुलाच्या पलंगावर आडवी झाली, पाय बाहेर येत होते तरी. रात्री दोनला जाग आली तेव्हा ती उठून बसली, कारण कोणी हाक मारली नव्हती.

तिसऱ्या मोकळ्या आठवड्याच्या शेवटी ती सलग नऊ तास झोपली. त्याबद्दल ती मला दोन महिने बोलली नाही. सांगितलं तेव्हा मान खाली होती. "मला बरं वाटलं मॅडम. मुलं नव्हती आणि मला बरं वाटलं. असं कोणाला सांगणार?"

निम्मा ताबा असलेल्या आयांकडून ही गोष्ट मी वारंवार ऐकली आहे आणि दर वेळी ती कबुलीजबाबासारखी सांगितली जाते. निम्मा वेळ मुलं सांभाळणाऱ्या बापाला लोक शाबासकी देतात. निम्मा वेळच मुलं सांभाळणाऱ्या आईला विचारतात, "मुलं सोडून राहतेस?" या आईला कार्यालयातल्या एका सहकारी स्त्रीने अगदी प्रेमाने विचारलं होतं, "मग तुला त्यांनी काय म्हणून ठेवू दिली नाहीत?" तिच्यात काही खोट असल्याशिवाय मुलं निम्मी दुसरीकडे जातीलच कशी, असं त्या प्रश्नात होतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नऊ तासांची झोप मिळालेली ही आई सोमवारी मुलांना हसवत होती. मुलाने स्वतः मला येऊन सांगितलं.

आणि तरीही

आठ महिने सगळं नीट चाललं. मग ती एका दुपारी आली, चेहरा ओढलेला. "रात्री सात-सात झाल्या," ती म्हणाली, "पण काम कुठे निम्मं झालं?"

मुलं बाबांकडे असतानाही शाळेचे निरोप तिच्याच फोनवर येत होते. ती ते पुढे पाठवायची. बाबा विचारायचे, "उद्या कुठला गणवेश?" ती सांगायची. दाताच्या डॉक्टरची वेळ तिने घ्यायची, तो घेऊन जायचा, परत आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते तिने त्याच्याकडून खोदून काढायचं. बुधवार-गुरुवारी ती शरीराने मोकळी असायची, डोकं मात्र त्या घरात. लग्नात ती घराचं व्यवस्थापन करत होती, आता दोन घरांचं करत होती.

एलिनॉर मॅकॉबी आणि रॉबर्ट मनूकिन या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सुमारे अकराशे घटस्फोटित कुटुंबांचा काही वर्षं पाठपुरावा केला. कागदावर निम्मा-निम्मा मुक्काम लिहिलेला असूनही पुष्कळ मुलं प्रत्यक्षात आईकडेच राहत असल्याचं त्यांना आढळलं. कागद आणि घर यांच्यात असं अंतर पडतं. या प्रकरणात रात्री कागदाप्रमाणेच पाळल्या जात होत्या. अंतर पडलं होतं ते आठवण ठेवण्याच्या कामात, आणि ते तर कागदावर कधी आलंच नव्हतं.

मी फाइल उघडली आणि तिचा जुना कागद टेबलावर ठेवला. एकतीस कामं, चार खुणा. कागद पाहून ती काही क्षण बोललीच नाही. मी तिला म्हटलं, की हा पहिल्याच दिवशी तुम्ही मला दिला होता आणि मी तो बाजूला ठेवला, ही माझी चूक झाली.

पुढच्या बैठकीला बाबांना बोलावलं. एक-एक काम वाटण्याऐवजी आम्ही पूर्ण खाती वाटली. तब्येत पूर्ण बाबांची: लस, दात, डोळे, औषधं, वेळ घेणं, नेणं, पुढची तारीख लक्षात ठेवणं. शाळा पूर्ण आईची. कपडे आणि बूट बाबांचे. मित्रमैत्रिणी, वाढदिवस, आजीआजोबांशी फोन आईकडे. ज्याचं खातं त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळायचं, मुलं त्या दिवशी कोणाच्या घरी आहेत याच्याशी संबंध नाही. दुसऱ्याने आठवण करायची नाही. अपवाद एकच: मुलाच्या जिवाला किंवा तब्येतीला खरा धोका असेल तर लगेच बोलायचं.

बाबा म्हणाले, "मला जमेल का ते माहीत नाही." गेल्या दोन वर्षांतलं त्यांचं सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं ते. त्यांनी आणखीही एक सांगितलं, जे मी आधी ऐकायला हवं होतं: शाळा, डॉक्टर, सगळे फोन आईलाच करतात. बाबांनी फोन केला तरी "आईंना विचारून सांगतो" असं उत्तर मिळतं. मग डॉक्टरांकडे बाबांचा नंबर पहिला लिहून घेतला. दोन ठिकाणी तो दोनदा सांगावा लागला.

सहा आठवड्यांनी खरी परीक्षा आली. मुलीच्या डोळ्यांची तपासणी गुरुवारी होती. आईला तारीख पाठ होती. बुधवारी रात्री तिने फोन हातात घेतला, निरोप लिहिला, खोडला, परत लिहिला, परत खोडला. चष्म्याचा नंबर एक आठवडा उशिरा कळल्याने धोका नव्हता, हे तिला कळत होतं. तिने निरोप पाठवला नाही. बाबा विसरले. तपासणी चुकली.

"त्या रात्री गप्प बसणं मला घटस्फोटाच्या कागदावर सही करण्यापेक्षा जड गेलं," ती म्हणाली.

शुक्रवारी मुलीनेच बाबांना विचारलं, "काल डॉक्टरकडे जायचं होतं ना?" बाबांनी तिथल्या तिथे फोन करून पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. मंगळवार आईचा होता. तरी खातं त्यांचं, म्हणून कामावरून निघून तेच घेऊन गेले. संध्याकाळी आईच्या फोनवर तीन ओळींचा निरोप आला: डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय, नवीन चष्मा सांगितलाय, पुढची तपासणी सहा महिन्यांनी, तारीख मी लिहून ठेवली आहे. तिने तो निरोप मला दाखवला. उत्तर काय द्यायचं ते तिला सुचत नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, "बरं."

सध्या

मुलगी आता साडेअकरा वर्षांची आहे, मुलगा सात. दोघं आईबाबा मित्र झालेले नाहीत. मॅकॉबी-मनूकिन यांच्या अभ्यासात वेगळं झाल्यानंतर साडेतीन वर्षांनी सर्वाधिक आढळलेली तऱ्हा आपापलं आपण बघायची, फारसं न बोलायची अशीच होती. हेही साधारण तसेच आहेत. दारात भेटणं टळलं, खाती वेगळी झाली, बोलायच्या गोष्टी कमी झाल्या, तसं भांडणही कमी झालं. यापेक्षा जास्त जवळीक मी त्यांच्याकडून मागत नाही.

सगळं सुटलेलं नाही. कपड्यांचं खातं बाबांना अजून जड जातं. मुलगा मध्यंतरी दोन आठवडे तोकड्या पॅंटमध्ये शाळेत गेला आणि आईने ते पाहून दात ओठ खाऊन सोडून दिलं. आईला शाळेच्या खात्यात बाबांचं मत ऐकून घ्यायला आवडत नाही. शाळा हा निर्णयाचा विषय असल्याने तो सामाईक आहे, याची मला तिला दोनदा आठवण करून द्यावी लागली. रिकाम्या शुक्रवारी तिला अजूनही कधी कधी मुलांच्या खोलीचं दार लावून घ्यावं लागतं.

मुलीला दोन आठवड्यांत चारदा घर बदलायचा कंटाळा आला आहे. तिला सलग आठवडा इथे, सलग आठवडा तिथे हवा आहे. मुलाला सात रात्री आईपासून लांब राहायचं नाही, आणि मुलीला भावाशिवाय राहायचं नाही. दोघांचं एकत्र बसेल असं वेळापत्रक आम्हाला अजून सापडलेलं नाही. आम्ही दर सहा महिन्यांनी बसतो. बालहक्क कराराचं बारावं कलम मुलाला स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडायचा हक्क देतं, म्हणून या वेळी पहिला अर्धा तास मुलीचा ठेवला आहे. निवड करायची जबाबदारी तिच्यावर टाकणार नाही, हे तिला आधीच सांगितलंय. ती फक्त बोलेल, ठरवतील मोठे.

काय बोलायचं ते लिहून आणायला तिने ती जुनी वही घेतली. वस्तूंच्या याद्यांची पानं तिने फाडलेली नाहीत. त्यांच्या पुढच्या कोऱ्या पानावर, मधली रेघ न मारता, तिने लिहायला सुरुवात केली आहे.